पहिली बोट

"कोणती गोराई? एक, दोन, का जेट्टी?" रिक्षावाल्याने मीटर पाडता पाडता विचारलं.

बोरिवली पश्चिमेच्या माणसाला हा प्रश्न सवयीचा आहे. आमच्याकडे गोराई म्हटलं की आधी म्हाडाची वसाहत आठवते, तिचे सेक्टर, तिथला डेपो, मैदानाकडेच्या भाजीच्या गाड्या. ही सगळी खाडीच्या अलीकडची गोराई. जिच्या नावावरून या वसाहतीला नाव मिळालं ती खरी गोराई खाडीच्या पलीकडे आहे.

"जेट्टी," मी म्हटलं. "पलीकडे जायचंय."

"पॅगोडा?"

"नाही, गावात."

त्याने आरशातून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता रिक्षा वळवली. सोमवारची पहाट होती, साडेसहा वाजले होते. पौष पौर्णिमा होती, दुसऱ्या दिवशी संक्रांत. पिशवीत पाण्याची बाटली, टोपी आणि आईने बांधून दिलेली तिळगुळाची पुडी होती. "रिकाम्या हाताने जाऊ नकोस कुणाच्या गावात," ती म्हणाली होती.

आईचं आणि त्या गावाचं नातं माझ्यापेक्षा जुनं. आम्ही बाभईला राहत होतो तेव्हा आठवड्यातून दोनदा एक मावशी टोपली घेऊन यायची. पावसाळा सोडून ओली मासळी, आणि बारा महिने सुकी. सुके बोंबील, जवळा, कधी सोडे. टोपलीच्या कडेला वालाच्या शेंगा किंवा मुळ्याची जुडी. दारात बसली की आधी पाणी मागायची, मग भाव. आई तिला नावाने कधी हाक मारत नसे, आम्ही सगळेच तिला 'गोराईची मावशी' म्हणायचो. ती पहिल्या बोटीने येते आणि दुपारच्या बोटीने परत जाते, एवढंच मला तिच्याबद्दल माहीत होतं. जूनमध्ये एखादा दिवस ती आली नाही की आई म्हणायची, "बोट बंद असेल." लहानपणी मला वाटायचं की जगातली सगळी माणसं रेल्वेने येतात, फक्त ही एक बोटीने येते.

१९८९ साली खाडीपलीकडे एस्सेलवर्ल्ड सुरू झालं आणि मग आम्हीही बोटीत बसलो. शाळेची सहल, मामाची मुलं आली की सहल, वाढदिवसाला सहल. बोटीतून उतरायचं, पाळण्यांकडे धावायचं आणि संध्याकाळी दमून त्याच बोटीने परत यायचं. एकदा मी बाबांना विचारलं, मावशीचं गाव कुठे? त्यांनी झाडांच्या पलीकडे हात केला. माडांची एक रेघ दिसत होती. तेवढ्यात पाळण्याची रांग पुढे सरकली. त्या रेघेपर्यंत जायला मला पस्तीस वर्षं लागली.

या वेळी जायला निमित्त झालं एका मैत्रिणीचं. ती तुर्कस्तानला जाऊन आली होती. तिथल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या हॉटेलांच्या गावांना कंटाळून ती कालेकोय नावाच्या एका छोट्या गावात दोन दिवस राहिली. तिथे गाडीरस्ता पोचत नाही. बोटीने जायचं, नाहीतर डोंगरातून चालत. फोटो दाखवताना तिचा आवाज हळू झाला होता. सकाळी उठलं की पाण्याचा आवाज, एक म्हातारी दारात बसून काहीतरी निवडते आहे, आणि कुणाला कसली घाई नाही. "आपल्याकडे असं कुठे उरलंय?" असं ती म्हणाली तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती माडांची रेघ आली. बोटीने जायचं असं एक गाव माझ्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर होतं, आणि मी ते पाहिलेलं नव्हतं. मला मनापासून वाईट वाटलं.

जेट्टीवर पोचले तेव्हा ओहोटी पुरी होऊन पाणी नुकतं वळत होतं. मुंबईच्या किनाऱ्याचं एक सोपं गणित आहे, अमावास्या-पौर्णिमेला भर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमारास येते आणि सुकती सकाळ-संध्याकाळी सहाच्या आसपास. त्यामुळे बोट पार खाली होती. शेवाळलेल्या पायऱ्या उतरून, फळीवरून तोल सांभाळत आत जावं लागलं. माझ्या पुढे एकाने स्कूटर त्याच फळीवरून आत ढकलत नेली. त्याच्या मागे शाळेचे दोन शिक्षक, एक नर्स, गॅसच्या शेगडीचा खोका घेतलेला माणूस. पलीकडून आलेल्या बोटीतून मात्र टोपल्याच टोपल्या उतरत होत्या. मुळा, पालक, वाल, अबोलीचे गजरे, ओल्या फडक्याखाली मासळी. बायका झपाझप पायऱ्या चढून रिक्षांकडे गेल्या. एकीने दुसरीच्या डोक्यावर टोपली चढवली आणि मागे न बघता पुढे निघाली. मी वळून वळून त्यांचे चेहरे पाहत राहिले. पस्तीस वर्षांपूर्वीचा चेहरा आता ओळखू येणार नाही हे कळत होतं, तरी पाहत राहिले.

बोट सुटली. दोन्ही बाजूंना तिवरांची दाट भिंत आणि तिच्या पायथ्याशी चिखलातून वर आलेली हजारो बोटभर मुळं. ही झाडं खाऱ्या चिखलात उभी राहतात तिथे जमिनीत हवा नसते, म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. चिखलावर तुतवार पक्ष्यांची लगबग चालली होती. समोर पॅगोडाचा सोनेरी घुमट उन्हात उजळला होता. तीनशे फुटांहून उंच, आणि आत एकही खांब नाही. जोधपूरकडचे दगड एकमेकांत अडकवून उभारलेल्या या घुमटाखाली आठ हजार माणसं ध्यानाला बसू शकतात. ८ फेब्रुवारी २००९ रोजी तेव्हाच्या राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या शेजारचं माझं बालपणीचं एस्सेलवर्ल्ड २०२२ पासून बंद आहे. पाळण्यांच्या दिशेला मी पाहिलं, मग बोटीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसले. आज तिकडे उतरायचं नव्हतं.

हीच खाडी वर गेलं की दहिसर नदीला मिळते. नॅशनल पार्कमधल्या तुळशी तलावाशी उगम पावलेली ही नदी बोरिवली-दहिसरच्या वस्तीतून वाहत येते आणि आमचं सगळं धुणंपुसणं घेऊन इथे येते. हे मी शाळेत भूगोलात शिकले होते. त्याचा अर्थ काय ते मला दुपारी कळायचं होतं.

गोराईच्या धक्क्यावर शेअर रिक्षा उभ्या होत्या, पण मी चालत निघाले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतं. भात ऑक्टोबरातच कापून झालं होतं आणि आता वाफ्यांत मुळा, मेथी, वांगी उभी होती. रहाटाच्या जागी पंप आले असले तरी विहिरी त्याच. भात कापायच्या सुमाराला, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी, इथली ख्रिस्ती कुटुंबं 'आगेरा' साजरा करतात. नव्या लोंब्या वाजत गाजत चर्चमध्ये नेतात, पाद्री त्यांना आशीर्वाद देतात आणि मगच नवं भात शिजतं. आपल्याकडे नवान्न असतं तेच हे. आगेरा हा शब्द शेत या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला, पण इथल्या आज्या तो असा उच्चारतात की तो मराठीच वाटतो.

हे लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात आणि बोलतात मराठी. नावाने पुष्कळांचा गोंधळ होतो, म्हणून थोडं सांगते. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने वसई आणि तिच्या हाताखालचा मुलूख पोर्तुगीजांच्या हवाली केला. त्यानंतर साष्टीतले कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, कितीतरी कुटुंबं ख्रिस्ती झाली. शेत तेच राहिलं, होडी तीच राहिली, भाषाही तीच. पुढे इंग्रजांच्या काळात गोव्याहून, मंगळूरहून ख्रिस्ती माणसं नोकऱ्यांसाठी मुंबईला येऊ लागली, तेव्हा आम्ही इथले मूळचे हे सांगायला या समाजाने १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या वर्षी, ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. नाव इंग्रजी कंपनीच्या वळणाचं, पण घरात हाक मारतात ती 'गो बाय' अशी. बोरिवलीतल्या आयसी कॉलनीच्या आणि मंडपेश्वराच्या बाजूने मी आयुष्यभर ये-जा केली, पण ही बोली कानांवर पडली ती गोराईच्या या रस्त्यावर.

गोराईचं चर्च तीन राजांचं आहे. बाळ येशूला भेटायला ताऱ्याच्या मागोमाग आलेले ते तीन ज्ञानी. त्यांचा सण ६ जानेवारीला असतो, म्हणजे मी पोचले त्याच्या आठवडाभर आधीच होऊन गेला होता. घराघरांच्या ओट्यावर कागदी तारे अजून लटकत होते. एका घरात तर ताऱ्याखाली तिळाचे लाडू वळणं चाललं होतं. चौकात पांढरा क्रूस, त्याला झेंडूची माळ. मुंबईच्या गावठाणांतले असे काही क्रूस १८९६ च्या प्लेगनंतर उभारलेले आहेत, घरं सोडून पळालेल्या आणि परत आलेल्या माणसांनी. इथल्या क्रुसावर साल दिसलं नाही. पायाशी एक पणती विझलेली होती आणि शेजारी काडेपेटी ठेवलेली, पुढच्या माणसासाठी.

समुद्राच्या बाजूला राहण्या-जेवणाची ठिकाणं आहेत आणि शनिवार-रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते हे मला माहीत होतं. सोमवारी सकाळी तिथे फक्त एक माणूस नारळाच्या झावळ्या गोळा करत होता. मी किनाऱ्यावर अर्धा तास बसले. खरं सांगायचं तर मला तिथे फारसं काही मिळालं नाही. सुंदर होता किनारा, पण तो कुठलाही असू शकला असता. गावात परतले आणि मनोरीकडे जाणारी रिक्षा पकडली.

मनोरी गोराईच्याच बेटाच्या दक्षिण टोकाला. या अख्ख्या बेटाचं जुनं नाव धारावी बेट. धारावी म्हटलं की आता वेगळीच वस्ती आठवते, पण चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या (१७३७ ते १७३९) पत्रव्यवहारात येणारी धारावी ती ही. बेटाच्या उत्तर टोकावरून वसईच्या खाडीच्या तोंडावर नजर ठेवता येते, म्हणून त्यासाठी दोन्ही बाजूंनी रक्त सांडलं. आज त्या टोकाचं उत्तन मीरा-भाईंदर महापालिकेत, ठाणे जिल्ह्यात आहे, तर गोराई आणि मनोरी मुंबई महापालिकेत. म्हणजे मनोरीचा माणूस मुंबईकर आहे, मुंबईला कर देतो, पण गाडीने मुंबईत यायचं तर त्याला आधी शेजारच्या जिल्ह्यातून फिरून यावं लागतं.

मनोरीच्या कोळीवाड्यात पाऊल टाकलं आणि वासाने मला लहानपणात नेऊन उभं केलं. आमच्या जिन्यात मावशी टोपली उतरवायची तेव्हाचाच वास.

समोर बांबूच्या वलांडी होत्या. पुरुषभर उंचीच्या, एकीमागे एक, समुद्रापर्यंत. त्यांच्या आडव्या दोऱ्यांवर बोंबील टांगलेले, हजारोंनी. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक अलीकडे, एक पलीकडे. ना खिळा, ना गाठ. उन्हात त्यातले ताजे काचेसारखे चमकत होते आणि कालचे पिवळसर होऊन आकसले होते. वाऱ्याने ते हलत तेव्हा बारीक खडखड ऐकू यायची. त्या दिवशी मी ऐकलेला सगळ्यात मोठा आवाज तोच असेल.

वलांडीखाली बसून एक काकी जोड्या लावत होती. साठीच्या पुढची, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस. मी थांबलेली बघून तिने हाताने जागा दाखवली. "ये गो बाय, बस. फोटो काढायचा तर काढ, पण सावली नको पाडू."

मी सावली आवरून बसले. पाच मिनिटांनी तिनेच एक बोंबील माझ्या हातात दिला. मला जमेना. ओला बोंबील बोटांतून पाण्यासारखा निसटतो. तिने माझा अंगठा धरून त्याच्या जबड्यात घातला, बारीक दात टोचले, आणि मग जोडी बसली. मी एकूण अकरा जोड्या लावल्या. तेवढ्या वेळात तिने टोपली संपवली.

"आज गर्दी कमी दिसते," मी म्हटलं.

"काल एरंगळची जत्रा ना. सगळे दमून पडलेत." जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मढजवळच्या एरंगळच्या किनाऱ्यावर, १५७५ साली बांधलेल्या संत बोनाव्हेंचरच्या चर्चपाशी ही जत्रा भरते. कोळीवाड्यांतून माणसं जातात, सगळ्या धर्मांची. "पण मासळी दमत नाही," काकी म्हणाली. "आज उधाण आहे. उधाणाला डोल भरते."

मग तिच्या मुलाने, तो जाळं शिवत बाजूलाच बसला होता, मला डोल समजावून सांगितली. हे जाळं माशांच्या मागे धावत नाही. समुद्रात खुंट रोवायचे, त्यांना भलं मोठं पिशवीसारखं जाळं बांधायचं, तोंड रुंद आणि शेपूट निमुळतं. भरती-ओहोटीचं पाणी त्यातून वाहतं आणि मासळी शेवटच्या टोकाला, खोल्यात, जमा होते. पाणी उलटायच्या आत जाळं ओढायचं. अमावास्या-पौर्णिमेला पाण्याला ओढ असते, ते उधाण. अष्टमीच्या आसपास पाणी मंदावतं, तो भांग. भांगाला जाळी दुरुस्त करायची, होडी बघायची, लग्नाची बोलणी करायची. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ. मनगटावर घड्याळ नसलेल्या त्या माणसाचा दिवस माझ्या दिवसापेक्षा कितीतरी काटेकोर होता. ज्याला मी शांतता म्हणत होते ती त्याच्या लेखी दोन पाण्यांच्या मधली वेळ होती.

"बोंबील मिळतो अजून?"

"मिळतो. पूर्वीसारखा नाही." त्याने शिवण थांबवली, उठून पलीकडचा ढीग दाखवला. मला वाटलं जुनी जाळी असतील. प्लॅस्टिक होतं. दुधाच्या पिशव्या, चप्पल, वेफर्सची पाकिटं, निळ्या कॅरीबॅगा. "हे आजच्या एका खेपेचं. मासळीबरोबर हेही खोल्यात येतं. निवडायला बायकांना मासळीपेक्षा जास्त वेळ लागतो."

त्या ढिगात एका कॅरीबॅगेवर बोरिवलीच्या दुकानाचा पत्ता छापलेला होता. त्या रस्त्याने मी रोज जाते. नदी, खाडी, समुद्र, जाळं. शाळेतला भूगोल त्या पिशवीवर पुरा झाला. मी म्हटलं, "हे आमच्याकडचं आहे." तो म्हणाला, "असेल, ताई." त्याच्या आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

दुपारी काकीने जेवायला घरी नेलं. मी आढेवेढे घेतले, मग तिळगुळ पुढे केला. "उद्या ना संक्रांत?" ती म्हणाली, तिळगुळ कपाळाला लावून तोंडात टाकला आणि गोड बोलायचं वचन तिनेच आधी म्हणून दाखवलं. घर कौलारू, पुढे पडवी, आत देव्हाऱ्यासारख्या कोनाड्यात येशूची तसबीर आणि खाली समई नसली तरी मिणमिणता लाल दिवा. जेवायला तांदळाची भाकरी, चिंच घातलेलं ओल्या बोंबलांचं कालवण आणि भात. कालवणाचा वास मला ओळखीचाही वाटत होता आणि नव्हताही.

"बाटलीचा मसाला," काकीने फळीवरची तपकिरी बाटली काढली. बिअरच्या रिकाम्या बाटल्या धुऊन वाळवून त्यात ठासून भरतात, म्हणून हे नाव. काच गडद असली की उजेडाने रंग उडत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या, धणे, हळद, खसखस, तीळ, नागकेशर, दगडफूल वाळवायचं, त्यात गहू आणि हरभरेही भाजून घालायचे, आणि मुसळांनी कांडायचं. पूर्वी कांडणाऱ्या बायका घरोघर फिरायच्या. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते सुनेला सांगतात, लेकीला सांगतीलच असं नाही. असं म्हणून काकीने आत पाहिलं. सून हसली.

तेव्हा मी माझ्या मनातलं बोलून टाकलं. म्हटलं, तुमच्याकडे किती शांत आहे. पूल नाही हे किती बरं आहे.

काकीने हात धुतले, पडवीत येऊन बसली. "हिचं पोरगं झालं तेव्हा जुलै होता," ती म्हणाली. "रात्री दोनला पोट दुखायला लागलं. बोट बंद. दिवसाचीसुद्धा बंद होती दोन दिवस, एवढा वारा. गाडी करून उत्तनवरून भाईंदरला निघालो. रस्त्यात झाड पडलेलं. माझ्या पोराने आणि ड्रायव्हरने कोयत्याने फांद्या तोडल्या. ही मागे माझ्या मांडीवर डोकं ठेवून, आणि मी नुसती मेरीमायला हाका मारतेय. समोर, खाडीच्या पलीकडे मालाडचे दिवे दिसत होते. तिथे किती दवाखाने असतील गो? दिसत होते सगळे दिवे." ती थोडा वेळ गप्प राहिली. "पोचलो. पोरगं झालं तोवर उजाडलं. आता सहावीत आहे."

मला काही बोलता आलं नाही. आईचं "बोट बंद असेल" हे वाक्य मी आयुष्यभर ज्या सहजपणे ऐकलं, त्याची ही दुसरी बाजू होती.

"मग पूल हवा?" मी बऱ्याच वेळाने विचारलं.

मुलगा म्हणाला, हवा. सून म्हणाली, हवा. काकी म्हणाली, "पूल आला की आमची जमीन राहील का, ते सांग." मग तिघेही एकदम बोलू लागले. गोराई, मनोरी, उत्तन मिळून पर्यटनाचा मोठा विभाग करायच्या योजना आल्या तेव्हा गावांनी विरोध केला होता, त्या सभांच्या गोष्टी निघाल्या. मनोरीला समुद्राचं पाणी गोडं करण्याचा महापालिकेचा प्रकल्प ठरला आहे, सुरुवातीला दिवसाला २० कोटी लिटर, पुढे ४० कोटी. शहराला पाणी हवं हे त्यांना मान्य आहे. पण गोडं पाणी काढून घेतल्यावर उरलेलं जास्त खारट पाणी परत समुद्रात जाणार, ते डोलीच्या जागेवर आलं तर? मुलाने हा प्रश्न मला विचारला, जणू मी शहराकडून आले आहे म्हणजे मला उत्तर माहीत असणार. तो बरोबरच होता. पाणी मी पिणार होते.

माझं मत विचाराल तर मला वाटतं की त्यांना रात्री दोन वाजता दवाखान्यात पोचता आलं पाहिजे, आणि त्यासाठी त्यांच्या वलांडीच्या जागेवर हॉटेल उभं राहण्याची अट असू नये. या दोन गोष्टी एकत्र का मागता येत नाहीत, हे मला कळत नाही. गावात चांगला दवाखाना आणि पावसाळ्यातही चालणारी मजबूत बोट एवढ्याने पुष्कळ काही साधेल, असं सुनेचं म्हणणं होतं. ती गावातल्या मुलांच्या शिकवण्या घेते. तिचं म्हणणं मला सगळ्यात नेमकं वाटलं.

निघायच्या आधी मी गोराईच्या मावशीबद्दल विचारलं. बाभईला यायची, आठवड्यातून दोनदा, बहुधा ऐंशी-नव्वदच्या सालांत. काकी हसली. "आम्ही पण जायचो की. मी मालाडला, माझी नणंद बोरिवलीला. गोराईच्या तर कितीजणी. नाव काय तिचं?"

नाव मला माहीत नव्हतं. तेरा-चौदा वर्षं तिने आमच्या घरी पाणी प्यायलं होतं. काकीने मान हलवली आणि पुढे काही विचारलं नाही. मग उठून वलांडीपाशी गेली, बोटांनी दाबून दाबून शंभरेक बोंबील निवडले. "हे तीन दिवसांचे. कालचे नको नेऊस, आत ओल असते, किडतील." पैसे घेतले, मोजून. बाटलीच्या मसाल्याची एक छोटी पुडी मात्र तशीच दिली.

संध्याकाळी मनोरीच्या धक्क्यावरून मालाडकडच्या मार्वेची बोट धरली. पाणी पुन्हा उतरलं होतं. मधल्या वेळात पूर्ण भरती येऊन गेली होती आणि मी ती पडवीत बसून घालवली होती. बोटीतून मालाडहून कामावरून परतलेली माणसं उतरत होती, मुलींच्या पाठीला कॉलेजच्या बॅगा. एकीने फळीवर पाय ठेवता ठेवता फोनवर सांगितलं, "पोचले गो, भात टाक." पलीकडे सूर्य समुद्रात गेला आणि अलीकडे मालाडच्या इमारतींचे दिवे लागले. मी ते दिवे मोजायचा प्रयत्न केला. गाडीच्या मागच्या सीटवरून ते कसे दिसले असतील?

घरी पोचले तेव्हा आई जागीच होती. वर्तमानपत्राची पुडी तिने नाकाशी नेली आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. दिव्याखाली एक बोंबील हातात घेतला, मधोमध वाकवला. कट्‌ करून मोडला.

"कोरडा आहे चांगला," ती म्हणाली. "पावसाळ्यापर्यंत राहील." मग डबा शोधायला वर हात घालता घालता विचारलं, "पहिली बोट अजून त्याच वेळेला सुटते का गं?"